मांडवाच्या मेढीखालचं पाणी

१० मार्च, सोमवार

मला डायरी लिहायची सवय नाही. नोकरीत पाठ टाचणं लिहिली, तेवढं लेखन आयुष्याला पुरे होतं. आज लिहायला बसले त्याला कारण मांडव-ठेकेदार वीरधवल. सकाळी तो माझ्या तलावाच्या काठावर बूट घालून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तलाव पहिल्यापासनंच गळत हुता. आमी काय केलं न्हाई." माझा सख्खा भाऊ नानासो शेजारी उभा राहून मान हलवत होता.

तलाव गळत नव्हता. हे माझ्याशिवाय कोणाला आठवत नाही. म्हणून आजपासून जे होईल ते लिहून ठेवणार.

तासगावच्या बाहेर, नानासोच्या द्राक्षबागेला लागून, वडिलांनी माझ्या नावे केलेला तुकडा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यात मी हा पोहण्याचा तलाव बांधला. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतल्या मुलींना शिकवते. इकडे जिथे बाग तिथे शेततळं, आणि शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही. आत घसरलेलं माणूस बाहेर येत नाही. मुलांना त्यांचे चुलते विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात. मुलींना कोणी ढकलत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी बादली काढायला वाकली आणि गेली. तिचं नाव माझ्या पुढच्या तुकडीत लिहिलेलं होतं.

फेब्रुवारीत नानासोच्या क्रांतीचं लग्न झालं. फलटणची माणसं, भरपूर ऊस, कारखान्यात वजन. त्यांना लग्न हिरवळीवर हवं होतं. नानासो म्हणाला, "अक्का, तुझ्या तलावाकडंची जागा दे." दिली. क्रांतीसाठी दिली. मी शिकवलेल्यांत ती सगळ्यात चांगली पोहणारी, आणि गेल्या काही उन्हाळ्यांत अर्धी तुकडी तीच सांभाळायची. वीरधवलने तलाव उपसला, आत लोखंडी पाय उभे केले, वर फळ्या टाकल्या आणि त्यावर स्टेज. नवरानवरी माझ्या तलावाच्या डोक्यावर सिंहासनात बसली.

मांडव गेला. पाणी भरलं. चार दिवसांत ते वीतभर खाली.

११ मार्च, मंगळवार

पाणी उन्हाने उडतं, असं नानासोचं म्हणणं. ठीक. तलावाच्या वरच्या पायरीवर बादली भरून ठेवली. बादलीतल्या पाण्यालाही तेच ऊन. बादलीत अर्धं बोट कमी झालं, तलावात चार बोटं. नानासोला हाताला धरून आणून दाखवलं. तो म्हणाला, "बादली लहान हाय, अक्का."

याला मी सहावीत व्यवहारी अपूर्णांक शिकवले होते.

१५ मार्च, शनिवार

वीरधवलची दोन माणसं येऊन तळाच्या फुटक्या फरश्यांवर सिमेंट थापून गेली. पाणी न उपसता. पाण्यात सिमेंट! विचारलं तर म्हणतात, "मालकांनी सांगितलंय, वरनं मारा."

वीरधवलला फोन केला. "बाई, लग्नसराई हाय. माजं सामान सहा ठिकाणी अडकलंय. तुमी मास्तरीण माणूस, जरा दमानं घ्या की."

दमाने घेतलं असतं तर माझी अर्धी शाळा धावायला शिकली नसती.

काठावर अजून मांडवाची मेढ उभी आहे. लग्नाआधी मांडवाच्या ईशान्य कोपऱ्यात मुहूर्त पाहून उंबराचा दांडका पुरतात, ती. हळकुंड-सुपारी बांधलेला पिवळा फडका उन्हाने विटलाय. हा ईशान्य कोपरा नेमका माझ्या तलावाच्या काठावर आला, म्हणून वीरधवलच्या माणसांनी ब्रेकर लावून काठाची फरशी फोडली आणि तिथे ती पुरली. काढून टाका म्हटलं, तर शालूबाई, नानासोची बायको, पुढे झाली. आमच्यात लेक-जावई परत येऊन मांडव परतल्याशिवाय मेढ काढत नाहीत. पाचव्या दिवशी यायचे होते. आले नाहीत. फलटणचा निरोप असा की कारखान्याचा हंगाम चालू आहे, माणसं मोकळी नाहीत, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की येतील.

कारखान्याची मोळी काय जावई स्वतः टाकतो?

१८ मार्च, मंगळवार

तासगावातून नळकाम करणारा जाफर आला. तोंड सतत चालू. तलावाला एक चक्कर मारून म्हणाला, "बाई, दहा मिनटाचं काम. तळ फुटलाय. ह्यात डोकं लावायला काय ठेवलंच न्हाई."

"पाणी न उपसता कळलं?"

"बघितल्याबरोबर कळलं. मिरजेत हॉस्पिटलच्या टाक्या केल्यात मी."

उपसायचं ठरलं. पाणी बागेत सोडलं, त्यामुळे नानासो तेवढ्यापुरता खूष.

रिकाम्या तलावात उतरले. जिथे जिथे स्टेजचे पाय होते तिथे तिथे फरशी चांदणीसारखी तडकली आहे. पायाखाली साध्या लाकडी फळ्यासुद्धा घातल्या नव्हत्या. वीरधवलला फोटो पाठवले. त्याचं उत्तर: हात जोडल्याचं चित्र. 

शालूबाई रोज सकाळी तांब्याभर पाणी आणून मेढीच्या बुडात घालते. म्हटलं, इथे मी थेंबाथेंबाचा हिशेब शोधतेय आणि तुम्ही भर घालताय. ती म्हणाली, "घालू द्या वन्सं. तेवढंच हातून हुतंय."

२५ मार्च, मंगळवार

जाफरने तळ खरवडून पाणी धरणारं मिश्रण भरलं, नव्या फरश्या बसवल्या. काम बरं आहे. बोलणं अर्धं केलं तर लवकर होईल.

क्रांतीला फोन केला. कुठल्या मुली यंदा पुढच्या तुकडीत घालायच्या ते तिलाच माहीत. फोन तिच्या सासूने घेतला. "ती कामात आहे." संध्याकाळी पुन्हा केला. "ती झोपली आहे." संध्याकाळी सहाला झोपली! लग्न झालं की मुली आळशी होतात, हे माझं जुनं मत आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा

नानासोने गुढीपुढे उभं राहून मला सांगितलं. सणाचा दिवसही बघितला नाही.

"अक्का, पंधरवड्यात बागेची खरड छाटणी. छाटणी झाली की विहिरीचा थेंब न थेंब वेलीला. तुला आता एकदा भरून देतो. ही शेवटची. ती बी गळाली तर माज्याकडं मागू नको."

"आणि तुकडी?"

"पुढल्या साली बघ." मग जरा थांबून, "वीरधवल म्हनतोय, जागा त्याला भाड्यानं दे. तलाव बुजवून लॉन करतो. बारमाही लग्नं."

म्हणजे ज्याने फोडला त्यालाच बुजवायला द्यायचा. भावाच्या ताटात पुरणपोळी नसती तर मी बोलले असते.

शालूबाई दुपारच्या गाडीने फलटणला गेली. लेकीला साखरेची माळ आणि साडी घेऊन. चार दिवस राहणार. बरं झालं, तांब्या बंद.

आज रात्रभर मोटर. उद्या तलाव भरेल.

१ एप्रिल, मंगळवार

पातळी उतरली. पुन्हा.

जाफरला बोलावलं. त्याने खाली बघून, वर बघून सांगितलं, "बाई, कुणाची तरी नजर हाय."

त्याला घरी पाठवला.

२ एप्रिल, बुधवार

काल दुपारपासून स्वतः बसले. तळाच्या प्रत्येक सांध्याजवळ बुडी मारून चिमूटभर कुंकू सोडलं. जिथे गळती असते तिथे रंग ओढला जातो. कुठेच नाही. तळ पक्का आहे, जाफरला तेवढं मानावं लागेल.

मग पंप रात्रभर बंद ठेवला. पाणी थोडं उतरलं. दिवसभर चालू ठेवला. दुप्पट उतरलं. म्हणजे गळती तलावाला नाही, पाइपाला आहे. गाळलेलं पाणी ज्या पाइपाने तलावात परत येतं त्याला. तो पाइप पंपघरापासून काठाच्या फरशीखालून जातो.

बूच मारून पाइप बंद करता येईल. पाणी थांबेल. पण गाळण बंद झाली की तलाव आठवड्यात हिरवा. हिरव्या पाण्यात तळाशी गेलेली मुलगी वरून दिसत नाही. तसला तलाव मी उघडणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

शालूबाई कालच परतली, एक दिवस आधी. साडीचं खोकं तसंच परत आणलं होतं. "पोरगी कशी आहे?" विचारलं तर म्हणाली, "बरी हाय." मग, "बाहेरनंच आले. त्यांच्या घरी पूजा हुती. मग विट्याला भनीकडं ऱ्हायले." जेवली नाही. उन्हाचा एसटीचा प्रवास तिला सोसत नाही.

आज सकाळी ती मेढीपाशी उभी राहून मला हाका मारत होती. जन्मात एवढ्या मोठ्याने बोलली नसेल. "वन्सं! आवं वन्सं, या की हिकडं! पालवी फुटलीया!"

खरंच फुटली आहे. वाळक्या दांडक्याच्या गाठीतून तांबूस कोंब, आणि एका कोंबाला दोन पानं उघडलेली. शालूबाई रडत होती, हसत होती. "माजी क्रांती सुकात राहणार. द्येवानं सांगितलं."

मी खाली बसले आणि माती चाचपली. चिखल. बोट आत घातलं तर बोटाला गार पाणी लागलं.

"शालूबाई, आज पाणी घातलंत?"

"न्हाई वं. मी कवा घालू? काल सांजच्याला तर आले."

चार दिवस इथे कोणी पाणी घातलं नाही, एप्रिलचं ऊन, आणि मेढीखाली चिखल. देवाने काय सांगितलं ते शालूबाईंनी बघावं. मला पाइप कुठे फुटलाय ते सांगितलं.

४ एप्रिल, शुक्रवार

आजच्या दिवसाबद्दल शांतपणे लिहायचं ठरवलं आहे. जमेल असं वाटत नाही.

जाफर पहार घेऊन आला. मेढ बघितली आणि पहार खाली ठेवली. "बाई, ही मांडवाची मेढ हाय."

"हो. उपट."

"मी न्हाई हात लावायचा. उद्या पोरीला कायतरी झालं, तर सगळा तासगाव म्हनंल जाफरनं मेढ उपटली."

"तुझ्या धर्मात मेढ आहे का?"

"धर्माचं कुठं काय बाई? ह्याच गावात ऱ्हातो न्हवं मी?"

मी स्वतः पहार उचलली. तेवढ्यात शालूबाई आली आणि मेढीला पाठ लावून खाली बसली. मी पाइप समजावला. पंप समजावला. छाटणी आठ-दहा दिवसांवर आली, पाणी संपत चाललंय, हे समजावलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

"तलाव गेला तर जाऊ द्या," शेवटी म्हणाली. "मेढ न्हाई काडायची. लेक आल्याबिगर न्हाई."

"म्हणजे गावच्या मुली बुडाल्या तरी चालतील?"

"माजी एक पोरगी तरंगतीया का बुडतीया, ते मला म्हाईत न्हाई, वन्सं."

हे असं नाटकी बोलणं मला आवडत नाही. क्रांती दमछाक न होता तलावाच्या पंचवीस फेऱ्या मारते.

नानासो आला. मी त्याला म्हटलं, तू तरी सांग. तो बायकोकडे बघत राहिला, मग बागेकडे. "ऱ्हाऊ दे अक्का," म्हणाला आणि गेला. हा माणूस कधीच कुठल्या बाजूचा नसतो.

६ एप्रिल, रविवार

ठरवलं. अडचण एकच आहे: मेढ निघायला क्रांती हवी. फलटणचे लोक पाठवत नाहीत. पट्टा पडून पंधरा दिवस होऊन गेले, मी पेपरात वाचलं. आता म्हणतात लग्नानंतरचा गोंधळ व्हायचाय. शालूबाई दारातून परत येते, नानासो फोनवर "बरं, बरं" म्हणतो. या पद्धतीने माझा पाइप दिवाळीलाही दुरुस्त होणार नाही.

उद्या मी जाते आणि घेऊन येते.

७ एप्रिल, सोमवार

विट्याला गाडी बदलून दहिवडीमार्गे फलटण. पहिल्या गाडीत बसायला जागा नाही, दुसरीत पंखा नाही.

घर मोठं. दारात दोन गाड्या. विहीणबाईंनी बसवलं, सरबत दिलं. जावई बाहेरगावी. क्रांती पाणी घेऊन आली तेव्हा क्षणभर ओळखलीच नाही. वाळली आहे. पाठ वाकवून चालते. तिची पाठ सरळ करायला मला दोन उन्हाळे लागले होते! एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज. नव्या नव्या फॅशनी.

"आत्या," म्हणाली, "तलावात पाणी आहे?"

"नाही. उरलंय ते अर्धंमुर्धं. त्यासाठीच आले."

मी विहीणबाईंना सगळं सांगितलं. पंप, पाइप, मेढ, मांडव परतणी. त्या हसल्या. "आमच्यात असली काही पद्धत नाही हो. आणि आता तिला सोडणं जमायचं नाही. घरात माणूस नाही."

"आमच्यात आहे पद्धत," मी म्हटलं. "मेढ आमच्या दारात उभी आहे, तुमच्या नाही. मी तिला नेते. दोन दिवसांत पाठवते."

"तो घरी नाही. त्याला विचारल्याशिवाय..."

"त्याला काय विचारायचं? पाइप त्याला समजतो का?"

चाळीस वर्षं मैदानावर आवाज काढला आहे. त्यांच्या दिवाणखान्यात तो जरा जास्तच घुमला. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. विहीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दोनच दिवस," म्हणाल्या.

क्रांतीला सांगितलं, कपडे भर. दोन दिवसांसाठी ही मुलगी केवढी मोठी बॅग भरून आली! एसटीत मी ती वर ठेवायला गेले तर उचलेना. बघते तर आत कॉलेजची सगळी प्रमाणपत्रं, जिल्हा स्पर्धेचं पदक, आधार कार्ड, आणि स्वेटर.

"एप्रिलात स्वेटर?"

"असू दे, आत्या."

एवढी वर्षं शिबिरांना नेलं, बॅग कशी भरायची ते शिकवलं. सगळं पाण्यात. दहिवडी सोडल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली ती विट्यापर्यंत. खांदा आखडला, पण हलवला नाही.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी शालूबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोघी मेढीपाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, जावई नाही, चालेल का? म्हणजे नंतर पुन्हा काही निघायला नको. कारण पाइप एकदा उघडला की मी थांबणार नाही.

शालूबाई लेकीचा हात धरून होती, दंडापाशी. क्रांतीने तो हळूच खाली घेतला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बराच वेळ. काय बोलायचं ते बोलून टाका, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

"चालतंय," शालूबाई म्हणाली. "माजी लेक घरात आली. परतला मांडव."

क्रांतीने पहार घेतली. जाफर पुढे झाला, "ताई, मी करतो," पण तिने ऐकलं नाही. तीन हिसड्यांत मेढ निघाली. बुडाला पांढरी मुळं सुटलेली होती. तिच्या मागोमाग खड्ड्यात पाणी वर आलं.

माती काढली. पाइपाला मेढीच्या टोकाने भोक पाडलेलं, आणि भोकावर गुलाबी चकचकीत कापडाची पट्टी गुंडाळलेली. स्टेजच्या झालरीचं कापड. गाठसुद्धा मांडवाचीच.

म्हणजे पुरतानाच माहीत होतं.

वीरधवलला बोलावून घेतलं. आला. खड्ड्यात बघितलं. कान धरले. "बाई, कारंजं उडालं हो त्या टायमाला. पण मेढ एकदा हुबी केल्याव हलवत न्हाईत. अपशकुन. खाली भटजी मंत्र म्हनतेत, वर वाजंत्री वाजतीया, पाव्हणं मेढ धरून हुबी. मी म्हटलं आता गुंडाळू, लगीन झालं की करू नीट. मग इसरलो."

"विसरलास? आणि तळ फोडलास तो? 'पहिल्यापासनंच गळत हुता' म्हणालास तो?"

त्याने नानासोकडे बघितलं. नानासो मेढीकडे बघत होता. मेढ धरणाऱ्यांत तोही होता, आता कळलं.

"पोरीच्या लग्नात अपशकुन नको म्हनून गप्प बसलो, अक्का," नानासो म्हणाला. एवढं मोठं वाक्य तो वर्षातून एकदा बोलतो. मग क्रांतीकडे बघून त्याचा आवाज फुटला. "लय चुकलं."

पाइपासाठी एवढं वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. तसं सांगितलंही.

मेढ फेकायला कोणी तयार होईना. क्रांतीने ती कुंपणाच्या कडेला पुरली. मुळं आहेतच, जगेल.

९ एप्रिल, बुधवार

जाफरने पाइपाचा तुकडा कापून नवा बसवला. दोन्ही टोकांना बूच मारून आत पाण्याचा दाब दिला, काटा दिवसभर हलला नाही. काठाची फरशी आणि माती वीरधवलची माणसं वीरधवलच्या खर्चाने करून देताहेत. लॉनचा विषय त्याने काढला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दोनाचे चार दिवस झाले. फलटणहून फोन. विहीणबाई म्हणाल्या गाडी पाठवतो. मी क्रांतीला विचारलं, किती वाजता निघणार? ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. "नाही जाणार, आत्या."

मी कारण विचारणार होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं नाही. आत येऊन चहा केला. साखर जास्त पडली.

१२ एप्रिल, शनिवार

बादली पायरीवर. बादलीत अर्धं बोट, तलावात अर्धं बोट.

नानासो आपण होऊन आला. "अक्का, छाटणी चार दिस पुढं ढकलली. वर भरून घे." बायकोने काही सांगितलं असावं.

दुपारी क्रांती पाण्यात उतरली. लग्नानंतर पहिल्यांदा. पोहण्याच्या पोशाखात काठावर आली, टॉवेल खांद्यावरून काढायला तिला फार वेळ लागला. मी ओरडणार होते, उभी काय राहिलीस.

ओरडले नाही.

तिच्या दंडांवर जे आहे ते मी इथे लिहीत नाही. ते जिथे लिहून द्यायचं तिथे लिहून देणार आहे, आणि तिला घेऊन मीच जाणार आहे. ती एक फेरी पोहली, मग दुसरी, मग मी मोजणं सोडून दिलं. शालूबाई काठावर बसून होती. मी तिच्याशेजारी बसले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की वन्सं," ती म्हणाली. "त्या दिवशी. तुमी पाइपाचं बोलत हुता."

१६ एप्रिल, बुधवार

तालुक्याला पोलिसांत जाऊन आलो. तिथल्या बाईने नीट ऐकलं, नीट लिहून घेतलं. मी दोनदा तिला वाक्य दुरुस्त करायला लावलं. क्रांती सगळं स्वतः बोलली. पाठ सरळ होती.

फलटणचा फोन दिवसभर. आधी विहीणबाई, मग जावई. नानासोच्या हातातून फोन घेतला.

"मुलगी पाठवा," तो म्हणाला.

"जमणार नाही," मी म्हटलं. "आमचा हंगाम चालू आहे. माणसं मोकळी नाहीत."

पाठीमागे नानासोला ठसका लागला. हसला की रडला, बघितलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

पहिली तुकडी आजपासून. शेजारच्या वस्तीवरच्या, कवठ्याच्या, दोन थेट जतच्या बाजूच्या, मामाकडे सुट्टीला आलेल्या. त्यांनी एवढं पाणी एका जागी पाहिलेलं नाही. त्यांतली एक वाकून ओंजळीने पिऊ लागली तेव्हा मी ओरडले आणि क्रांती हसली. तिने मुलींना काठाला रांगेत बसवलं, पाय पाण्यात सोडायला लावले, आणि घाबरते कोण असं विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. तिनेही केला.

माझे गुडघे आता पाण्यात दिवसभर उभं राहू देत नाहीत. काठावरून ओरडणं मला जमतं, आत उतरून धरणं तिला जास्त चांगलं जमतं. म्हणून आज तलाव तिच्याकडे दिला. वीरधवलच्या अनुभवानंतर तोंडी काही द्यायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लेखी दिलं.

क्रांतीच्या ताब्यात दिलं:

पंपघराच्या किल्ल्या. एक माझ्याकडे राहणार नाही.
शिटी. नवी दोरी घातलेली.
बुडणाऱ्याला पुढे करायचा लांब बांबू आणि ट्रॅक्टरची ट्यूब.
औषधपेटी, तपासलेली.
पातळी मोजायची पट्टी आणि बादली.
मुलींच्या नावांची वही. दोन वर्षांपूर्वीचं ते एक नाव अजून त्यात आहे. ते खोडायचं नाही, हे सांगितलं.
कुंपणाकडच्या उंबराला रोज पाणी घालायचं काम. हे शालूबाईने मागून घेतलं, तिच्याकडे दिलं.

"मिळालं" असं लिहून क्रांतीने खाली सही केली. माहेरच्या नावाने. मी ती दोनदा वाचली. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.